कॅम्प पाचमधला उलटा मंघ

गोपू लिहिता लिहिता पाटीवर डोकं टेकून बसला, तेव्हा मला वाटलं झोपला. हलवून पाहिलं तर अंग तापलेलं, ओठ कोरडे. दोन मुलांनी त्याला उचलून ओसरीत नेलं. डोक्यावर पाणी मारलं, फोडलेला कांदा नाकाशी धरला, तेव्हा त्याने डोळे उघडले. होळी नुकतीच झाली होती आणि भोवळ येऊन पडलेलं हे तिसरं पोर होतं.

हेडमास्तर रामचंदानी ओसरीच्या टोकाला उभे राहून बघत होते. गोपूला घरी पाठवल्यावर ते माझ्याकडे आले.

“बहनजी, अब बस. ये क्लास बंद करवाता हूँ.”

“मग मुलं कुठे जातील?”

“लाइन के उस पार. वहाँ के स्कूल में जगह है.”

“मुली जाणार नाहीत.”

“मालूम है,” ते म्हणाले. “लेकिन कोई बच्चा मर गया तो?”

त्यांचं चुकत नव्हतं. ही शाळा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना राहायला दिल्या होत्या. विटांच्या भिंती, वर पत्रा, आत गोणपाटाचे आडपडदे लावून एकेका बॅरकीत दहा-बारा बिऱ्हाडं. शाळेलाही अशीच एक बॅरक मिळालेली. सकाळची शिफ्ट बरी होती. दुपारच्या शिफ्टला टोकाच्या खोलीत चौथीचा वर्ग बसायचा. तिथे तीन बाजूंनी ऊन आणि डोक्यावर तापलेला पत्रा. सकाळी एकही खोली मोकळी नव्हती. म्हणजे वर्ग तिथेच बसवायचा, नाहीतर रेल्वेलाईनच्या पलीकडच्या शाळेत पाठवायचा. रूळ ओलांडून मुलींना पाठवणार नाही, असं त्यांच्या आयांनी मला तोंडावर सांगितलं होतं. वर्गात नऊ मुली. नऊही घरी बसल्या असत्या, आणि त्या वयात घरी बसलेली मुलगी परत शाळेत येत नाही.

महिनाअखेरीला इन्स्पेक्शन होतं. वर्गाचं काय करायचं ते इन्स्पेक्टरसाहेब ठरवणार होते. तोवर हातात तीन आठवडे.

माझं काम या सिंधी शाळेत मराठी आणि हस्तव्यवसाय शिकवण्याचं. हस्तव्यवसाय म्हणजे तकलीवर सूत कातणं. तकली ही भोवऱ्यासारखी छोटी चाती. कापसाच्या पेळूतून तंतू ओढायचा आणि ती फिरवून त्याला पीळ द्यायचा. शिक्षणखात्याचं म्हणणं असं की मुलांनी हाताने काम करावं आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकावी. कल्पना उत्तम. पण मार्चमध्ये त्या खोलीत घामाने बोटं निसटायची, तंतू तुटायचा, आणि शिकण्यासारखं उरायचं ते एवढंच की कापूस घामेजल्या हातांना चिकटतो.

मी रोज कुळगावहून यायची. तिथे एका खोलीत एकटी राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि काम केल्याशिवाय दिवस जात नव्हता. शाळेत पाच मास्तर, सगळे सिंधी. माणसं सभ्य होती. मी शिक्षकांच्या खोलीत गेले की ते माझ्यासाठी सिंधी सोडून हिंदीत बोलू लागायचे, आणि हिंदीत आल्या आल्या त्यांचं बोलणं संपायचं. आधी कुणाचा तरी हरवलेला भाऊ अजमेरला सापडल्याची गोष्ट रंगलेली असायची, मी बसले की “बहनजी, आज गर्मी बहुत है.” त्यांच्या गप्पा मोडायला नकोत म्हणून मी तिथे जाणं बंद केलं. डबा वर्गात एकटीने खायची. संध्याकाळी कुळगावला उतरून खोलीचं कुलूप काढलं की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं समजायला लागेल म्हणून सांगते.

हेडमास्तरांना मी म्हटलं, “इन्स्पेक्शनपर्यंत हस्तव्यवसायाचे सगळे पिरियड मला या खोलीवर खर्च करू द्या. तकली बंद.”

“क्या करेंगी?”

“अजून माहीत नाही. मुलांना विचारते.”

ते हसले. परवानगी दिली.

रविवारी अंबरनाथला भावाकडे गेले. तो एका कारखान्यात फोरमन. त्याच्याकडे भिंतीवर लावायचा थर्मामीटर मागितला.

“ताई, शाळेत भट्टी लावतेस काय?”

“भट्टी आहे. ती विझवायचीय.”

सोमवारी मुलांना थर्मामीटर वाचायला शिकवला. मग तो तीन ठिकाणी धरायला लावला. बसलेल्या मुलाच्या डोक्याशी, उभ्या माणसाच्या डोक्याशी, आणि बांबूला बांधून पत्र्याच्या अगदी खाली. बांबू खाली घेतला तेव्हा पारा कितीतरी चढलेला होता. मोहिनी नावाची मुलगी होती, बोलायला सगळ्यांत पुढे. ती म्हणाली, “बाई, ऊपर चूल्हा है.”

बरोबर होतं. गरम हवा हलकी होऊन वर जाते. वर पत्रा आणखी तापवतो. बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती तिथेच साठते आणि खाली खाली दाबत येते. आता प्रश्न सोपा झाला. चूल विझवायची कशी?

उपाय मुलांनीच सुचवले. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची. पण नळाला पाणी येणार सकाळी तासभर, आणि ते पत्र्यावर ओतताना बायकांनी पाहिलं असतं तर आमचं काही खरं नव्हतं. झाड लावायचं. ते मोठं होईपर्यंत ही मुलं बापे झाली असती. मग मोहिनी म्हणाली, “दादा बोलता है, उधर हमारे घर पर मंघ था. गर्मी में भी ठंडा.”

मंघ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आणि तो बहुतेक मुलांनीही पाहिलेला नव्हता. सिंध सोडलं तेव्हा ती कडेवर होती. म्हणून घरचा अभ्यास दिला: घरी विचारून या, मंघ कसा असतो.

दुसऱ्या दिवशी जितकी मुलं तितके मंघ. कुणाचा दरवाजाएवढा, कुणाचा पेटीएवढा. गोपू म्हणाला, “मेरी माँ बोली, एक बार मंघ से बिल्ली गिरी, सीधी दाल में.” तरी जुळवून चित्र काढता आलं. छपरावर उभं केलेलं चौकोनी नळकांडं, वर तिरपं झाकण, एक बाजू उघडी. उघडं तोंड वाऱ्याकडे. वारा तोंडात शिरतो, झाकणावर आपटून खाली वळतो आणि खोलीत उतरतो. त्यांच्या सिंधमधल्या हैदराबादेत प्रत्येक घरावर असा एक मंघ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. कुठल्या दिशेला, असं विचारल्यावर मात्र सगळ्या घरांतून एकच उत्तर आलं होतं. नदीकडे.

मोहिनीचा दादा म्हणजे तिचे आजोबा टहलराम; ते तिला न्यायला यायचे. सगळा कॅम्प त्यांना दादा टहलराम म्हणायचा. तिकडे त्यांचं कापडाचं दुकान होतं. इकडे मुलगा फेरी करून कापड विकायचा आणि यांना काम नव्हतं. शाळा सुटायच्या तासभर आधी ते ओसरीत येऊन बसायचे. मंघाचं काम सुरू झाल्यापासून दोन तास आधी येऊ लागले. मला ते धीउ म्हणायचे, त्यांच्या भाषेत मुलीला म्हणतात तसं. त्यांची सिंधी-हिंदी आणि माझी मराठी-हिंदी. पण बोलणं तुटायचं नाही. खाट मंघाखाली कशी ओढायची, दुपारी सुरई कुठे ठेवायची, पहाटे गार होऊन पांघरूण कसं लागायचं. मी ऐकत वह्या तपासायची. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

आधी मॉडेल केलं. बुटांच्या खोक्याला खिडकी कापली, वर पुठ्ठ्याचा मंघ बसवला, एका मुलाने समोरून पंख्याने वारा घातला. तोंडाशी उदबत्ती धरली. धूर मंघातून आत उतरला आणि खिडकीतून बाहेर आला. वर्ग खूश. मी फळ्यावर आकृती काढली आणि पंख्याच्या बाजूला, मुलांनी सांगितलं तसं, ‘नदी’ असं लिहिलं.

मग कुठली नदी, यावर वाद झाला. वालधुनी जवळ होती.

“वो नदी है?” दादा टहलराम ओसरीतून म्हणाले. “नाली है.”

“मग उल्हास,” मी म्हटलं. “ती माझ्या कुळगावावरून येते. चांगली मोठी आहे.”

“सिंधु के सामने वो भी लोटा है, धीउ. पर चलेगी.”

उल्हास ठरली. ती आमच्या शाळेच्या ईशान्येला.

गोपूचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवत. त्यांनी कातर, हातोडी, रिबिटं दिली. मुलांनी घराघरांतून तेलातुपाचे रिकामे डबे आणले. डबे उभे कापून सपाट केले, कडा दुमडून ठोकल्या म्हणजे हात कापत नाही, आणि एकमेकांना रिबिटं मारून मोठी पानं केली. बांबूची चौकट मुलींनी काथ्याने बांधली. कोन काटकोन आहे की नाही ते तीन, चार, पाच हात दोरी मोजून तपासलं. गणिताचा तो आठवडा फुकट गेला असं कुणी म्हणू शकणार नाही. छपरातला एक पत्रा गंजून तसाही बदलायचा होता. गोपूचे वडील वर चढले, तो पत्रा काढला, त्या जागी मंघ बसवला, कडांना डांबर भरलं. तोंड उल्हास नदीकडे.

दुपारी सगळा वर्ग खाली माना वर करून बसला. दारात आयाबाया आणि म्हातारे. हेडमास्तर. दादा टहलराम मंघाच्या बरोबर खाली येऊन उभे राहिले, टोपी काढली आणि तोंड वर केलं.

काही आलं नाही.

ते तसेच उभे राहिले. हात वर धरला, तळवा फिरवून पाहिला. मग टोपी घातली. मोहिनीला म्हणाले, “चल.” दारातली माणसं सिंधीत काहीबाही बोलत पांगली. एक बाई हसली.

हेडमास्तर सगळे जाईपर्यंत थांबले. “बहनजी, गर्मी तो थी ही, अब छत में छेद भी है. इन्स्पेक्शन से पहले उतरवा दीजिए.”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्यापूर्वी मी वर्गात एकटी डबा खात होते. मंघ उतरवल्यावर पुन्हा सूत कातायला तरी लागावं म्हणून तकलीच्या पेट्या काढून ठेवल्या होत्या. एका पेटीतून पिंजलेल्या कापसाचा पुंजका उडाला. तो खाली पडेल म्हणून मी पाहत होते. तो वर गेला. सावकाश, तिरपा, आणि मंघात शिरून दिसेनासा झाला. मी दुसरा सोडला. तोही गेला.

थर्मामीटर पत्र्याखालच्या बांबूला तसाच बांधलेला होता. खाली घेऊन पाहिला. गेल्या आठवड्यातल्या याच वेळेपेक्षा पारा चांगलाच खाली होता.

वर्ग भरल्यावर मी मुलांना काही सांगितलं नाही. प्रत्येकाला चिमूटभर कापूस दिला आणि म्हटलं, सोडा आणि बघा. मग टेबलावर टेबल चढवून मोहिनीला उदबत्ती घेऊन वर उभी केली. दोन मुलांनी पाय धरले. तिने धूर कुठे वळतो ते बघितलं.

“बाई, हवा आती नहीं. जाती है.”

आता कारण शोधायचं होतं. बांबूला चिंधी बांधून गोपूच्या वडिलांनी छपरावर उभी केली. खाली बॅरकींमधून वारा वळसे घेत फिरतो, तो कुठून येतो ते कळत नाही. वर चिंधी स्पष्ट सांगत होती. वारा पश्चिमेकडून येत होता आणि मंघाच्या पाठीवर आदळत होता. हैदराबादेत नदी गावाच्या पश्चिमेला होती. वारा नदीकडून यायचा म्हणून मंघ नदीकडे बघायचे. आम्ही नदी घेतली आणि वारा तिकडेच सोडून आलो.

पण मग हवा बाहेर का जात होती? मुलांना मी रस्त्यावरची लॉरी आठवायला लावली. लॉरी जोरात गेली की तिच्या मागे धूळ आणि कागद ओढले जातात. वारा एखाद्या अडथळ्यावरून जातो तेव्हाही त्याच्या पाठीमागे अशीच ओढ तयार होते. आमच्या मंघाचं तोंड त्या ओढीत होतं. ती ओढ पत्र्याखालची गरम हवा उपसत होती, आणि तिची जागा घ्यायला खिडक्यांतून बाहेरची हवा येत होती. अंगावर झुळूक लागत नव्हती, पण चूल विझत होती.

मोहिनीने हे घरी सांगितलं असणार. संध्याकाळी दादा टहलराम आले, बरोबर चार-पाच म्हातारे. चेहरा खुललेला.

“धीउ, उलटा लगा है, बस इतनी बात है. घुमा दो.”

“दादा, उलटा आहे म्हणूनच चाललाय.”

“अरे, कल घुमा के देखो तो. मुँह पर हवा लगेगी.”

हेडमास्तरही आले. त्यांना दादांचं पटलं. “बहनजी, साहब आएँगे, दो मिनट बैठेंगे. उनके मुँह पर हवा लगनी चाहिए. धुआँ कौन देखता है?”

“पश्चिमेकडे तोंड केलं तर पावसाळ्यात काय होईल?”

“बारिश में पल्ला बंद करेंगे,” दादा म्हणाले. “मंघ को पल्ला होता है.”

“रात्री ती झडप कोण बंद करणार? रविवारी? आणि चार महिने पल्ला बंद ठेवला तर हवा कुठून जाणार?”

“तुम तो अभी से बारिश ले आईं,” एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

मी म्हटलं, उद्या मुलं करून दाखवतील. मग ठरवा.

दुसऱ्या दिवशी ओसरीत खोक्याचं मॉडेल ठेवलं. आत तळाला कागद, कागदावर शाईने काढलेल्या ओळी, बसलेल्या वर्गासारख्या. पंखा पश्चिमेकडून. पंख्याच्या पुढ्यात झारीने पाणी, कारण इथे पाऊसही त्याच बाजूने वाऱ्याबरोबर येतो. आधी मंघ दादांच्या म्हणण्याप्रमाणे लावला. पाणी झाकणावर आपटून सरळ आत उतरलं आणि शाईच्या ओळी वाहून गेल्या. मग नवा कागद, मंघ उलटा, आमच्यासारखा. कागद जवळजवळ कोरडा.

मग मुलांनी तिसरा प्रयोग केला, तो माझ्या डोक्यात नव्हता. दादांचा मंघ, पण पल्ला बंद. खोक्यात उदबत्ती ठेवली. धूर आत कोंडला.

दादा टहलराम स्वतः खाली वाकून पाहत होते. गोपू त्यांना म्हणाला, “देखा दादा? क्लास डूब गया.”

“देखा,” ते म्हणाले.

मोहिनीने ओला कागद उचलून उन्हात टाकला. दादा उठले, धोतर झटकलं आणि गेले. त्या दिवशी मोहिनीला न्यायला तिची आई आली.

हेडमास्तरांना मी सांगितलं, मंघ आहे तसा राहील, साहेबांना समजावणं माझ्याकडे. ते म्हणाले, “नहीं समझे तो?” मी म्हटलं, “तर तुम्ही म्हणता तसं. वर्ग बंद.” त्यांनी खांदे उडवले. 

इन्स्पेक्टरसाहेब दुपारीच आले. मराठी गृहस्थ, बंद गळ्याचा कोट, कपाळ भिजलेलं. ते येण्याआधी तासभर आम्ही मंघाच्या खालच्या तोंडाला गोणपाट बांधून ठेवलं होतं. खोली पूर्वीसारखी तापली होती.

“बाई, इथे मुलं कशी बसवता?”

मी बांबू खाली घेतला आणि थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. “साहेब, आपण वाचा. फळ्यावर आपणच लिहा.”

त्यांनी वाचला, लिहिला. मोहिनीने दोरी ओढून गोणपाट सोडलं. साहेबांनी वर पाहिलं.

“हे वर काय केलंय? वारा तर लागत नाही.”

 मोहिनी उभी राहिली. तिचं मराठी माझ्या पिरियडमधलं.

“साहेब, वारा येत नाही. गरम बाहेर जाते. थोडा वेळ गणित विचारा, मग बघा.”

मागे एक मास्तर खोकले. साहेब खरोखरच गणित विचारायला लागले. व्याजाचं, वेळ-अंतराचं. तोवर मुलं मधूनमधून कापूस सोडत होती, आणि साहेबांचे डोळे व्याज सोडून कापसामागे वर जात होते. अर्धा तास झाल्यावर मी पुन्हा थर्मामीटर दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला आणि वजाबाकी स्वतःच केली.

“आणि तकली?”

“हा कापूस तकलीचाच आहे साहेब.”

 रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. टोकाच्या खोलीत वर्ग भरवण्यास हरकत नाही. छपरावर अशी सोय खात्याच्या परवानगीशिवाय करू नये, आणि केलेली काढू नये. सूत फार कमी भरलं आहे, त्याकडे लक्ष द्यावं.

हेडमास्तरांनी रिपोर्ट मला वाचून दाखवला आणि शिक्षकांच्या खोलीत चहा मागवला. मास्तरांनी माझं अभिनंदन केलं, हिंदीत. चहा संपल्यावर कुणालाच पुढे काही सुचलं नाही. मी वह्या आहेत म्हणून उठले.

नऊच्या नऊ मुली वार्षिक परीक्षेला बसल्या. भोवळ येऊन कुणी पडलं नाही. पावसाळ्यात मंघाच्या कडेने एक-दोन ठिकाणी गळलं, तिथे पुन्हा डांबर भरलं. पुढच्या वर्षी खात्याची परवानगी काढून आणखी दोन खोल्यांवर मुलांनी असेच मंघ बसवले, तोंड ईशान्येला.

दादा टहलराम पाण्याच्या प्रयोगानंतर शाळेत आले नाहीत. परीक्षा झाल्यावर मी मोहिनीबरोबर त्यांच्या बॅरकीत गेले. गोणपाटामागे एक खाट, एक ट्रंक, भिंतीवर त्यांच्या जलदेवाची, झुलेलालची तसबीर. मला खाटेवर बसवलं. सुनेने पापड भाजून आणला आणि पाण्याचा पेला. उन्हातून आलेल्या पाहुण्याला ते आधी पापड-पाणी देतात.

“दादा, बऱ्याच दिवसांत आला नाहीत.”

“धूप बहुत है.”

“वर्गात आता कमी आहे.”

“हाँ. मोहिनी बोलती है.” ते हसले. “अच्छा किया तुमने. मैं गलत था. सब बोलते हैं, बाई का मंघ अच्छा है.”

“मुलांचा आहे. आणि कल्पना तुमची.”

“नहीं, धीउ. हमारा मंघ हवा लाता था. तुम्हारा ले जाता है. दोनों काम के हैं.”

मी म्हटलं, इथे तुमच्या खोलीवर मुलं एक बांधून देतील, पश्चिमेकडे तोंड, पल्ल्यासकट. पल्ला बंद करायला तुम्ही आहातच. 

“रहने दो. इधर की हवा में वालधुनी की बू आती है.”

मी पापड संपवला. मंघाबद्दल त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांचं सांगून झालं होतं, आणि मला जे सिद्ध करायचं होतं ते माझं झालं होतं. दुसरा विषय आम्हा दोघांकडेही नव्हता. त्यांनी दारापर्यंत पोचवलं. मी स्टेशनकडे चालू लागले.

त्यानंतर मी आणखी पाच वर्षं त्या शाळेत होते. डबा त्याच वर्गात खाल्ला.

शिकवायला नव्याने येणाऱ्यांनी विचारलं की मी त्यांना एक गोष्ट सांगते. मुलांकडून काही बांधून घ्यायचं असेल तर कागदावर सगळ्यांत आधी उत्तर दिशेचा बाण काढा, मग बाकीचं. नदी, देऊळ, बाजार यांच्यावर दिशा ठरवू नका. ज्याची त्याची नदी वेगळी असते.